बर्फाचा बांध

"दरोडा झकास जमलाय. पण तुझा हा ड्रायव्हर आहे तरी कोण? त्याच्या जागी दुसरा कुणीही चालला असता," जॉर्जेट म्हणाली.

हेल्मीने ओठ घट्ट मिटले. हॅनकॉक गावातल्या त्यांच्या कथामंडळाचा नियमच तसा होता. आपल्या कथेवर चर्चा चालू असेल, तर लेखकाने तोंड उघडायचं नाही. तीस वर्षं शाळेची बस चालवताना आख्ख्या बसला गप्प बसवणाऱ्या हेल्मीला ही शिक्षाच होती.

"दरोड्याला हात लावू नकोस हं बाई!" डेल्बर्ट खाटीक म्हणाला. "माझ्या छातीत नुसतं धडधडत होतं."

"पण कुणासाठी?" जॉर्जेटने विचारलं.

हेल्मीला ते फार लागलं. तो ड्रायव्हर म्हणजे तिचा नवरा ओर्वो होता. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी त्याने जन्मभर चालवली आणि गेल्या वसंतात तो गेला. तो कुठेतरी उरावा म्हणून तर तिने लिहायला घेतलं होतं, आणि चोर, पिस्तुलं, पाठलाग या सगळ्यांच्या गर्दीत नेमका तोच राहून गेला होता.

घरी येऊन ती स्वयंपाकघरात कागद पसरून बसली. बर्फगाडी रस्ता साफ करत गेली की प्रत्येक दारासमोर बर्फाचा बांध पडतो आणि सगळा गाव ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडतो. शेजारच्या सायमा आजीच्या दाराशी मात्र ओर्वो गाडीचं पातं हळूच वळवायचा. नियमात बसत नव्हतं. "तिची कंबर धरते गं," एवढंच म्हणायचा.

हेल्मी ताठ बसली. बर्फात पळणारे दरोडेखोर गाडी लपवणार कुठे? वाट मोकळी असलेलं घर एकच, आणि ती मोकळी ठेवणारा हाच!

पुढच्या शनिवारी तिने नवी कथा वाचली. आजीच्या मोकळ्या वाटेवर चोरांच्या चाकांच्या खुणा बघून ड्रायव्हरला आपली चूक कळते. तो मागच्या दाराने आजीला काढून आपल्या गाडीत बसवतो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारात बांध घालतो, चांगला छातीएवढा. चोर गाडीसकट आत अडकतात. आजी म्हणते, "उद्या तूच उपसायचास हा, मेल्या!"

सगळे हसले. डेल्बर्टने मग नाक पुसलं. "उपसला का गं त्याने?"

चर्चा संपली होती. हेल्मीला आता बोलायची मुभा होती.

"म्हणजे काय! ओर्वो होता तो."

ती परतली तेव्हा मोसमातला पहिला मोठा बर्फ पडून गेला होता. नवा ड्रायव्हरही येऊन गेला होता, आणि तिच्या दारासमोर गुडघाभर बांध पडला होता. तिने त्याला शिव्या दिल्या नाहीत. गाडी रस्त्याकडेला लावून तिने ओर्वोचं फावडं आणलं आणि वाट मोकळी केली. मग हातमोजे वर ओढले आणि ती सायमा आजीच्या दाराकडे निघाली.