बाकावरची बादली

मित्रांनो, मी एक जुना पोकलेन आहे, पण साधासुधा नव्हे. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत माझ्या एका बादलीत अख्खी जीप मावायची. बावीस वर्षं मी डोंगर उपसले. भीती म्हणजे काय, ते मात्र लोणी काळभोरजवळच्या या हॉटेलासमोर उभा राहिल्यावरच कळलं.

माझे चालक दादामियाँ मूळचे पुण्याचे. कामावरून उतरण्याआधी ते माझी बादली जमिनीवर टेकवायचे, मगच जेवणाचा डबा उघडायचे. एकदाही चुकले नाहीत. ते निवृत्त झाले आणि पाठोपाठ मी भंगारात निघालो.

हॉटेलमालक दिगंबरशेठांनी मला विकत आणलं, पिवळाधमक रंग दिला आणि रुबाबदार दिसावं म्हणून बादली उंच उचलून इंजिन बंद केलं. बादलीखाली एक बाक ठेवला. लोक तिथे बसून फोटो काढू लागले.

माझा हात वर होता तो फक्त नळ्यांमध्ये कोंडलेल्या तेलावर, आणि ते तेल झिरपत होतं. बादली रोज कणभर खाली यायची. बाकावर कुणी तान्हं बाळ घेऊन बसलं की माझा जीव टांगणीला लागायचा. पण सांगणार कसा?

गेल्या रविवारी दादामियाँ आले, नात माहेनूरला घेऊन. मला पाहून त्यांचा ऊर भरून आला. "हाच माझा पोकलेन! बस बेटा, फोटो काढू," म्हणत त्यांनीच तिला बाकावर बसवलं. अहो, तुम्हीसुद्धा? मी भीतीने गारठलो.

इतक्यात माहेनूरच्या ओढणीवर एक थेंब पडला. दादामियाँनी तो बोटावर घेऊन हुंगला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिला खसकन ओढून घेतलं.

"शेठ, सगळ्यांना लांब करा! तेल गळतंय, बादली खाली येईल!"

"आजोबा, सहा महिने नाही आली. आजच मुहूर्त आहे का?"

"ती मुहूर्त बघून येत नसते, शेठ!"

लोक कुरकुरत मागे सरले. बादली सावकाश उतरवावी म्हणून दादामियाँ माझ्या केबिनकडे निघाले. चार पावलं गेले असतील नसतील, तोच नळी फुटली. माझा हात कोसळला आणि बाकाचा चुरा झाला.

दादामियाँनी नातीला जवळ घेतलं. "आधी बादली बघायला हवी होती मी," एवढंच ते पुटपुटले.

मित्रांनो, मला बघायला जरूर या. माझी बादली आता जमिनीवर आहे. पण माझ्यासारखे आणखी कितीतरी जण हात वर करून कुठे कुठे उभे असतील. त्यांच्या सावलीत बसण्याआधी एकदा वर बघा. आम्हाला ओरडता येत नाही.