कमरेवरून पाहिलेला डाव

मी बंदूक बोलतेय. पोलिसाच्या कमरेला असते ती, काळी, आखूड नळीची. नोएमी कान्तूच्या उजव्या कमरेवर माझी जागा होती, आणि तिच्या डाव्या खिशात माझी सवत राहायची.

नोएमी दूर बर्फाच्या मुलखात मनाच्या आजारांचं शिक्षण घेऊन लोमा सेका या आपल्या गावी परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, गावात आपल्याला एक खोली मिळेल, दोन खुर्च्या मिळतील आणि माणसं येऊन मन मोकळं करतील. प्रत्यक्षात गावात तशी खोलीच नव्हती. मनाचं इस्पितळ गाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घरातलं कुणी बिथरलं की लोक एकच नंबर फिरवायचे, आणि त्या नंबरावर पोलीस यायचे.

"मग मीच पोलीस होते," ती आईला म्हणाली. "दार उघडल्यावर निदान माझा चेहरा दिसेल त्यांना."

ठाण्यातल्या पहिल्या दिवशी ती बोलायची तयारी करून आली होती. तिच्यापुढे टेबलावर ठेवली गेली ती मी.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. तेल पाजून, पेटीत घालून मला इथे पाठवलं. माझा पहिला धनी बाल्देमार नावाचा हवालदार. कॉफी पिताना, पावती फाडताना, चर्चच्या दारात उभा असतानाही त्याचा पंजा माझ्यावर असायचा. त्याच्या बायकोच्याही वाट्याला तो पंजा इतका आला नसेल. त्याने माणसावर मला कधी चालवलं नाही, पण मला लाडाची सवय लावून तो निवृत्त झाला.

नोएमीचा हात माझ्याकडे यायचाच नाही. सरावात तिचा नेम उत्तम होता. नेम शिकवायला त्यांनी कित्येक आठवडे दिले, आणि बिथरलेल्या माणसाशी कसं बोलावं ते शिकवायला एक दुपार. ती दुपार संपल्यावर तिने विचारलं, "बाकीचं कधी?"

सार्जंट फर्मिन ओलिवारेस हसला. तो तिच्या आईचा शेजारी, तिला लहानपणापासून ओळखणारा. "बाकीचं म्हणजे काय, डॉक्टरीणबाई? कॉफी आणि गोड पाव?"

"तेही चालेल, फर्मिनकाका."

आता सवतीचं सांगते. ती म्हणजे चित्रांच्या पत्त्यांची एक चवड, लोतेरिया खेळायची. आमच्याकडे जत्रेत हा खेळ असतो. एकजण पान काढतो, गाण्यासारखी ओळ म्हणत चित्राचं नाव पुकारतो. ज्याच्या पुठ्ठ्यावर ते चित्र असेल, तो त्यावर राजम्याचा दाणा ठेवतो. ज्याच्या पुठ्ठ्यावरची चित्रांची एक ओळ आधी भरेल, तो जिंकतो. एलिसेओ गार्सा कित्येक वर्षं जत्रेत पुकारायचा. मग त्याला निवडुंगाच्या कुंपणातून आवाज ऐकू यायला लागले, आणि त्याचं पुकारणं थांबलं.

गस्तीच्या वाटेवर नोएमी त्याच्या अंगणात थांबायची. त्याची थोरली बहीण ओफेलिया अंडं घातलेली पोळी आणून द्यायची. नोएमी टोपी गाडीच्या टपावर ठेवायची आणि सवतीला बाहेर काढायची.

"पहाटेचा चौकीदार, डोक्यावर लाल मुंडासं!"

"कोंबडा," एलिसेओ पुटपुटायचा. "पण किती बेसूर गं! जत्रेत लोक दाणे फेकून मारतील तुला."

"मग शिकवा की."

"गोळ्या घेतल्या की माझाही सूर जातो."

"आणि नाही घेतल्या की?"

"मग कुंपण बोलतं. आणि ते फार वाईट बोलतं, पोरी."

मी कमरेवरून हे सगळं ऐकायचे आणि आतल्या आत जळायचे. त्या पानांच्या कडा तिच्या अंगठ्याने मऊ झाल्या होत्या. मलाही ती पुसायची, पण उष्टं भांडं घासावं तशी, दुसरीकडे बघत. मनात यायचं, पुठ्ठ्याच्या तुकड्यांत असं आहे तरी काय? माझा एक शब्द अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. एकदा मला बोलू तर दे.

एका रणरणत्या दुपारी ओफेलियाने तो नंबर फिरवला. भाऊ कोयता घेऊन कुंपण तोडतोय, कुणाला मारत नाहीये, पण गोळ्या सोडल्यात, नोएमीला पाठवा, असं ती सांगत होती. आमच्या गाडीतल्या बिनतारी यंत्रावर त्यातलं एवढंच आलं: अंगणात माणूस, हातात कोयता.

आम्ही पोचलो तेव्हा फर्मिन आधीच तिथे होता. गाडीच्या दाराआड उभा राहून त्याने दोन्ही हातांत माझ्या बहिणीला धरलं होतं. बहीणच ती, एकाच कारखान्यातली. तिला असं घट्ट धरलेलं पाहून माझा जीव तीळतीळ तुटला.

"टाक! खाली टाक!" फर्मिन ओरडत होता. एलिसेओ दर आरोळीला दचकायचा आणि आणखी जोरात घाव घालायचा.

"ओरडू नका, काका. एकच आवाज राहू दे, माझा."

"कोयता आहे त्याच्या हातात!"

"दिसतोय मला. माझ्याही हातात काहीतरी येऊ दे."

तिचा हात खाली आला. मी थरारले. आता माझी पाळी! तो हात मला ओलांडून वर गेला, डाव्या खिशात.

"रात्रीची म्हातारी, कधी कोर, कधी भाकरी!" तिने पुकारलं. बेसूरच.

एलिसेओचा घाव अर्ध्यावर थांबला. "चंद्र," तो म्हणाला. त्याचा पुठ्ठा आणि दाण्यांचा डबा अंगणातल्या कट्ट्यावर होता. कोयता काखेत धरून त्याने एक दाणा ठेवला. दुसऱ्या पानालाही तसंच केलं. तिसऱ्या वेळी दाणा निसटून खाली पडला. दाणा चिमटीत धरायला हात मोकळा लागतो. त्याने कोयता जमिनीवर ठेवला.

नोएमीच्या कमरेचा ताण सैल झालेला मला कळला. ती पुढे पुकारत राहिली, एकेक पाऊल जवळ जात, कोयत्याकडे. खिडकीत ओफेलिया रडत होती आणि हसतही होती. आणि मी? हरले होते मी, एका पुठ्ठ्यापुढे.

"उन्हाची सोबतीण, एका पायावर उभी!"

"छत्री!" म्हणत त्याने दाणा ठेवला, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याची ओळ भरली होती.

जिंकणारा काय करतो, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन्ही हात वर, जागची उडी, आणि पलीकडच्या आळीत पोचेल अशी आरोळी.

"लोतेरिया!"

फर्मिनने आयुष्यभर हे पाहिलं होतं, स्वतः कितीदा केलं होतं. पण त्याची नजर खेळावर नव्हती, जमिनीवरच्या कोयत्यावर होती. माझी बहीण दोनदा बोलली.

खरं सांगते, त्या क्षणीही मला आधी हेवाच वाटला. मग नोएमी गुडघ्यांवर कोसळली, दोन्ही तळव्यांनी त्याची छाती दाबू लागली, आणि तिचे तळवे काही केल्या पुरेनात. बहिणीने एवढंच तर केलं होतं. मी ज्यासाठी झुरत होते, ते हे होतं.

ओफेलिया बाहेर आली, तोवर त्याचा श्वास थांबला होता. "मी तुला बोलावलं होतं, नोएमी," ती म्हणाली. "बंदुकांना नाही."

संध्याकाळी ठाणेदाराने दार लावून घेतलं. "कोयता त्याच्या पायाशीच होता ना? मग त्याने तो उचलला, असंच सांगायचं. फर्मिनचं घर उघड्यावर पडेल, पोरी. खेळ तर तूच मांडलास."

"हो, मीच. इतकी वर्षं इथे नव्हते. जिंकल्यावर इथली माणसं कशी ओरडतात, ते विसरले मी," नोएमी म्हणाली. मग ती उठून घरी गेली. रात्रभर मी तिच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर लटकत होते, आणि ती समोर बसून होती.

सकाळी ती ठाण्यात आली. फर्मिन कोपऱ्यात बसला होता, डोळे सुजलेले. तिने पट्टा सोडला आणि मला ठाणेदारापुढे ठेवलं.

"त्याचे हात रिकामे होते, साहेब. दोन्ही वर होते. मी कोर्टात हेच सांगणार."

ठाणेदार काही बोलायच्या आत फर्मिन पुटपुटला, "सांगू दे तिला."

"राजीनामा देतेस?" ठाणेदाराने विचारलं.

"नाही. वर्दी ठेवते. हिला नाही. अशा घरातून फोन आला, की मी हिच्याशिवाय जाणार."

"बंदुकीशिवाय पोलीस नसतो."

"मग मला काढून टाका. काढेपर्यंत मी जाणार."

ती गेली. निदान एकदा मागे वळून बघेल, असं मला वाटलं होतं. आता मी पोलादी कपाटात आहे, आणि लवकरच मला दुसऱ्या कुणाच्या कमरेला बांधतील. बांधणाऱ्यांनो, माझं एवढं ऐका. त्याच्या हाती मला देण्याआधी बोलायला शिकवण्याची ती एक दुपार लांबवा, माझ्या वाट्याचे आठवडे तिला द्या. मी जळेन, चरफडेन. जळू द्या मला.