खोड नसलेलं घर

बेल्ह्याच्या बैलबाजारात सावळेरामला विचारल्याशिवाय शहाणा माणूस बैलाला हात लावत नसे. तो जनावराभोवती एक फेरी मारी, दात बघी, खांद्यावर थाप टाकी आणि खोड सांगे. खोड जवळजवळ प्रत्येक बैलाला सापडे. ज्याला सापडत नसे त्याच्याबद्दल तो नुसतं “बघू” म्हणे, आणि त्या बैलाचा मालक घरी जाऊन पुरणपोळी करी. ह्या माणसाच्या हिशेबात दोषाची बाजू गच्च भरलेली आणि कौतुकाची कोरी. “चांगलं” हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. बायकोनंही नाही.

आता असा माणूस घर घ्यायला निघाला तर काय व्हायचं? तेच झालं. भावाभावांत वाटणी झाल्यावर सावळेराम ओतूरला भाड्याच्या खोलीत राहायला आला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पदरी पैसा होता, स्लॅबची नवी घरं जिकडंतिकडं उभी राहत होती. पण नारायणगावच्या घराच्या भिंतीवर अंगठा घासला तर वाळू गळाली. कळंबच्या घराची फरशी पोकळ वाजली. मंचरला दार चौकटीत अडलं. प्रत्येक वेळी खोड खरी असे, म्हणून त्याच्या बायकोला, साळुबाईला, भांडताही येत नसे. ती पिशवी उचली आणि एसटीत बसे.

भाड्याच्या खोलीत मालकानं एकच अट घातली होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळं साळुबाईचा आरसा जमिनीवर, भिंतीला टेकून. लग्नाचा फोटो ट्रंकेत. इतक्या वर्षांत आरशात बघायचं तर तिला वाकावं लागे, आणि आता कंबर बोलायला लागली होती.

“ओतूरचं हे घर शेवटचं,” ती म्हणाली. “ह्यालाबी नाक मुरडलंत तर म्होरलं घर तुमी एकट्यानं बघा. मी आळ्याला भावाकडं जाते.”

सावळेराम “बघू” म्हणाला, पण तिला ट्रंक आवरताना त्यानं पाहिलं होतं. तो रात्रभर कूस बदलत राहिला.

घर जुन्नरच्या शौकत मिस्त्रीनं स्वतः बांधून विकायला काढलेलं. गावाबाहेर, ओढ्याच्या अलीकडं. सावळेरामबरोबर साळुबाई आणि त्याची थोरली बहीण सखूबाई. सखूबाई घरात पाऊल टाकायच्या आधी शकुन बघी आणि नंतर माणसं.

“या, सावळेरामभाऊ!” शौकत दारातच हसला. “आधी घराचे दात मोजणार का शेपूट उचलणार?”

“आधी तुझी जीभ बघतो. लई लांब हाय.”

“जीभ लांब, पण ओळंबा सरळ. बघा तुमी.”

सावळेरामनं फेरी मारली. गिलाव्यावर अंगठा घासला, अंगठाच दुखला. नाण्यानं फरशी ठोकत कोपऱ्याकोपऱ्यात गेला. सगळीकडं एकच भरीव आवाज. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, तर ते संध्याकाळी गोठ्याकडं निघालेल्या म्हशीसारखं, इकडंतिकडं न बघता, थेट मोरीच्या भोकात गेलं. त्यानं शौकतकडून खिळा मागून भिंतीत ठोकला. खिळा वाकला. सावळेरामनं तो खिशात घातला, पुरावा म्हणून. कशाचा, ते त्यालाच कळेना.

“वर चला,” शौकत म्हणाला.

गच्चीवर मातीचे बांध घालून वाफे केले होते, भाताला करतात तसे. दिवाळीपासून पाणी कोंडलेलं. वारा नव्हता. त्या पाण्यात हटकेश्वराचा डोंगर उलटा उभा होता, वरून एक घार गेली ती खालूनही गेली. सावळेराम एकदम वळून जिना उतरला, शौकतची शिडी ओढली, चढला आणि छताला तळवा लावला. मग गाल लावला.

कोरडं. दळून आणलेल्या पिठासारखं कोरडं.

डोक्यावर तळं होतं, अख्खा डोंगर होता, आणि इथं घामाचा टिपूस नाही. आयुष्यात त्यानं चढावर गाडी ओढणारे बैल पाहिले होते. भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो. हे घर मात्र ओझं घेऊन असं उभं होतं की ओझं आहे हे कुणाला कळूही नये. खाली उतरला तेव्हा टोपी हातात होती. ती तो फक्त देवळात काढी. साळुबाईनं ते बघितलं.

“काय म्हणता मग?” शौकतनं विचारलं. “नारायणगावचं गिऱ्हाईक दुपारी विसार घेऊन येतंय. मला एक शब्द द्या.”

शब्द सावळेरामच्या घशापर्यंत आला. तिथं वर्षानुवर्षांची सवय आडवी पडली होती.

“बघू,” तो म्हणाला.

सखूबाईनं कपाळावर हात मारला. साळुबाई मात्र शांत होती. “सैपाकघर बघायचं ऱ्हायलं की. च्या करून बघते. ओटा कलता असंल तर आत्ताच कळंल.”

पिशवीतून स्टो निघाला, पातेलं निघालं, दूध निघालं. घर बघायला जाताना कुणी स्टो नेतं? पण सावळेरामला तिची तपासणीची पद्धत पटली. “बरोबर. भांडं हलतंय का त्ये बघ,” असं म्हणून तो स्वतः ओट्याशी वाकला.

साळुबाईनं दूध चढवलं आणि खिडकीतून ओढा बघत उभी राहिली, पाठ करून. दूध वर आलं. कडेवर क्षणभर थांबलं आणि उतू गेलं. चारी अंगांनी, एकसारखं. एकाही बाजूला जास्त नाही.

“उतू गेलं!” सखूबाई ओरडली. “नव्या घरात दूध उतू गेलं! वास्तुशांतच झाली, सावळ्या! आता पाऊल मागं घेतलंस तर घराचा शाप लागंल.”

“आक्का, आमी च्या करत व्हतो!”

“दुधाला काय म्हाईत तू काय करत व्हतास?”

शौकतनं दोन्ही हात वर केले. “मी न्हाई केलं काही, अल्लाची शपथ.”

सावळेराम बायकोकडं बघत राहिला. पाळण्यात पोर रडतंय, दारात पाहुणा उभा आहे, अशा वेळीही ह्या बाईनं कधी थेंब उतू जाऊ दिला नव्हता. तिनं पदरानं पातेलं उतरवलं. चेहऱ्यावर काही नाही. ओट्यावर दुधाचं कडं उमटलं होतं, पुनवेच्या चंद्रासारखं वाटोळं. एवढी वर्षं तो बाजारात नजर विकत फिरला, आणि घरातली ही नजर त्यानं कधी जोखलीच नव्हती.

“चांगलं हाय,” तो म्हणाला.

“काय?” शौकतनं कान पुढं केला. “एकदा परत म्हणा राव, साक्षीदार कमी हायत.”

“चांगलं हाय म्हणलं! घर चांगलं हाय. आन...” तो अडला. साळुबाईनं मान वर केली, वाट बघितली. “आन च्याबी चांगला व्हईल,” त्यानं कसंबसं संपवलं.

“त्यो अजून व्हायचाय,” ती म्हणाली, आणि हात पुढं केला. “मगाचा खिळा द्या इकडं.”

“वाकलाय त्यो.”

“मग सरळ करा.”

सावळेराम उंबऱ्याशी उकिडवा बसला. उंबऱ्याला ओरखडा येऊ नये म्हणून त्यानं आधी टोपी खाली अंथरली, तिच्यावर खिळा ठेवला आणि शौकतच्या हातोडीनं हळूहळू ठोकायला लागला.