शांत जागेतली चिमणी

मी एक जुनी चिमणी आहे, मित्रांनो. चिवचिवणारी नव्हे, रॉकेलची. माझं सारं आयुष्य लाइपझिगमधल्या एका जुन्या इमारतीच्या संडासात जळण्यात गेलं. नाक मुरडू नका. देवापुढच्या निरांजनाचा मान मला मिळाला नाही, पण मी जे पाहिलं ते निरांजनाला कधी दिसत नाही.

मी पत्र्याची, बुटकी. ट्राम चालवणाऱ्या आल्विन बोट्गरांनी मला बाजारातून आणलं. त्यांचं आणि शेजारच्या नाउमानांचं बिऱ्हाड एकाच मजल्यावर होतं आणि संडास दोघांत एक, जिन्याच्या मधल्या वळणावर. हिवाळ्यात तिथली पाण्याची नळी गोठून फुटायची. म्हणून थंडी पडली की मी नळीखाली मंद जळत राहायचं. एक आठवडा रॉकेल बोट्गर घालत, एक आठवडा नाउमान. नळी शाबूत राहिली की जो तो माझं कौतुक करी, आणि वसंत आला की मला विसरून जाई.

या जागेला माणसं नावं तरी किती ठेवतात! रोज यायचं, पण नाव आडूनच घ्यायचं. नाउमानांच्या म्हाताऱ्या फ्रीडाबाई जुन्या वळणाच्या, त्या 'आबट्रिट' म्हणत, म्हणजे जरा बाजूला होणं. बोट्गरकाका लढाईवर जाऊन आलेले, ते 'डोनरबाल्केन' म्हणत. सैनिक उघड्यावर ज्या वाशावर ओळीने बसत, तो गडगडाटाचा वासा. पोरं नुसतं 'क्लो' म्हणून धावत सुटत. फ्रीडाबाईंची सून गेर्लिंड मात्र म्हणे, 'श्टिलेस ओर्टशेन'. शांत, छोटीशी जागा. बोट्गरकाका तिला हसत. "शांत कसली? मी आत गेलो की विचार."

त्या वर्षी थंडीच्या तोंडाशी गेर्लिंडचा नवरा लोटार कोळशाच्या खाणीत दरड कोसळून गेला. मागे दोन लहान मुलं, दोन खोल्या आणि सासू. दफन करून आल्यावर फ्रीडाबाईंनी सुनेला बजावलं, "मुलांसमोर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. घर खचतं." स्वतः त्या दगडासारख्या बटाटे सोलत बसल्या.

मग गेर्लिंड सूतगिरणीतून आली की माझ्याकडे येऊ लागली. आतून कडी घाली, झाकणावर बसे, टॉवेलचा बोळा तोंडात धरी आणि रडे. घरात कडी असलेली जागा हीच एक होती. रडणं सरलं की माझ्या काचेभोवती हात शेकत बसे. मला बोलता आलं असतं तर काय बोलले असते, कोण जाणे. मी जळत राहिले.

एकदा बोट्गरकाकांनी दार बडवलं. "अगं, अंडी उबवतेस का आत? म्हाताऱ्याचा अंत पाहू नकोस!" आतून हुंदका आला. काकांनी दारावरचा हात मागे घेतला. त्यानंतर ती आत असली की ते पायरीवर बसून राहत, पाय एकमेकांवर दाबून. पोरं आली की त्यांना खालच्या मजल्यावर पिटाळत. आणि आपला आठवडा नसतानाही मला काठोकाठ भरून वात वर करून ठेवत, तिला ऊब लागावी म्हणून.

वात चढली की काजळी धरते. छत काळं झालं, तसा फ्रीडाबाईंना संशय आला. रॉकेल घालायचा आठवडा नाउमानांचा, तरी मी आपोआप काठोकाठ भरलेली. त्या तरातरा जिना उतरून आल्या.

"कोण जाळतंय एवढं? घर पेटवायचंय का?"

"हळू बोला, फ्रीडाबाई," काका पायरीवरून म्हणाले. "वात मी चढवतो."

"का म्हणून?"

"आत गेर्लिंड आहे. तुमच्या घरात तिला रडायला जागा नाही."

मला वाटलं, आता म्हातारी दार वाजवणार. सुनेची एवढीशी जागाही जाणार.

पण दार वाजलं नाही. बऱ्याच वेळाने गेर्लिंडने कडी काढली. समोर सासूला पाहून तिने टॉवेल पाठीमागे लपवला.

"आई, मी... नळी बघत होते."

फ्रीडाबाईंनी तिच्या हातून टॉवेल काढून घेतला. तो ओला होता. "सरक," त्या म्हणाल्या. "आता माझी पाळी."

त्या आत आल्या. कडी लावली. झाकणावर बसल्या, आणि "लोटार, माझ्या बाळा" म्हणून जे फुटल्या, ते बाहेर पार तळमजल्यापर्यंत ऐकू गेलं. गेर्लिंड दाराला पाठ टेकून उभी होती. बोट्गरकाका खालच्या मजल्यावर निघून गेले.

त्या दिवसानंतर नाउमानांच्या स्वयंपाकघरात, मुलांसमोरही, लोटारचं नाव निघू लागलं. घर काही खचलं नाही.

पुढे घरोघरी न्हाणीघरं झाली. जिन्यावरच्या खोलीत झाडू आले आणि मी तळघरातल्या फळीवर. काच तडकली आहे. तक्रार नाही, मित्रांनो. फक्त एक विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी दार लावून बराच वेळ बसलं, तर ते बडवू नका. पायरीवर थोडं थांबा. आणि आपली पाळी नसली तरी दिव्यात तेल घालून ठेवा.