वानरांना पाठ न होणारं गाणं

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाची एक बिजागरी तुटली आहे, बॅटरी कधीच गेली, आणि वायर जोडल्याशिवाय माझ्या अंगात जीव येत नाही. तरी मला भंगार म्हणू नका मित्रांनो, मला राग येतो.

मुंबईच्या एका क्लासमध्ये मी मुलांना टायपिंग शिकवलं. नवे लॅपटॉप आले, तसा मी कपाटात गेलो. तिथे शिकवणारी सेजल सासरी, पोलादपूरच्या डोंगरावर कुडपणला राहायला आली, तेव्हा तिने मला गोधडीत गुंडाळून सोबत आणलं.

तिची सासू काशीबाई घरामागच्या शेतात नाचणी करते. गेली दोन वर्षं ती सगळी वानरांनी खाल्ली. तिचा मुलगा, सेजलचा नवरा अनिल, मुंबईहून फोनवर म्हणाला, "यंदा पण गेली तर शेत पडीक टाका नि दोघी इकडे या." काशीबाई त्या दिवशी जेवली नाही.

डबे वाजवून झाले. मोबाइलवरचं गाणं लावलं, तर वानरं चार दिवसांत सरावली. मग सेजल हट्टाला पेटली. तिने माझ्यात प्रोग्रॅम लिहिला. सात सुरांतला कुठलाही सूर मी चिठ्ठी काढल्यासारखा उचलायचा, हवा तेवढा लांबवायचा, की लगेच दुसरा. गावच्या पूजेचा भोंगा मला जोडला. मी बेसूर वाजत होतो, पण दर वेळी वेगळा. वानरं बांधावरून परत गेली. मला फार अभिमान वाटला.

पण दाणा भरत आला आणि लाईट सारखी जाऊ लागली. ती परत आली की मी पुन्हा वाजायचो, तरी वानरं शेतातून हलेनात. काशीबाई म्हणाली, "तुझं गाणं वांदरांना पाठ झालंय गो. लाईट आली की तेच वाजतं."

सेजलने प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडेना. शेवटी तिची नजर माझ्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. घरात दिवाळीची तयारी, आणि माझ्यात एक जानेवारी! माझ्या आतल्या घड्याळाचा छोटा सेल संपला होता. लाईट गेली की मी त्याच जुन्या तारखेला नि वेळेला जाऊन बसायचो, आणि सुरांची सुरुवात तारीख-वेळेवरून ठरत असल्यामुळे तेच सूर पुन्हा निघायचे. मला हे सांगायला तोंड नव्हतं.

सेल महाडला मिळणार होता. वानरं तोवर थांबणार नव्हती. सेजलने प्रोग्रॅम बदलला आणि मला सासूपुढे ठेवलं.

"आई, मनाला येतील ती बटणं दाबा. त्यावरून सूर सुरू होतील."

"मोडला तर?"

"मोडलेलाच आहे. दाबा."

काशीबाईने माती लागलेली बोटं पदराला पुसली आणि माझ्यावर धडाधड आपटली. असं कुणी मला कधी वापरलं नव्हतं. भोंग्यातून जे निघालं ते मीही कधी ऐकलं नव्हतं. वानरं दचकली आणि रानाकडे पळाली. त्यानंतर लाईट येई तेव्हा काशीबाई धावत येई आणि दर वेळी वेगळीच बटणं दाबी.

नाचणी घरात आली. अनिलचा फोन आला, "मग कधी येताय?"

"आमी नाय येत," काशीबाई म्हणाली. "लावणीला तूच ये रे."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला नेमकं काय झालंय ते बघा. एखादा सेल बदला. नाहीतर हात तरी लावा. आम्हाला अजून काम करायचं आहे.