अल्पोपाहाराच्या खात्यातलं डुक्कर

सरकारी पैसा कमी पडल्याची रड मी अकरा वर्षं ऐकतेय. शाळेला कमी पडला, पुलाला कमी पडला, आमच्या साहेबांच्या गाडीच्या टायरांना तर तो कायमच कमी पडतो. पण दिलेल्या पैशाला चार वर्षं हातसुद्धा लावला नाही असं गाव मी आयुष्यात एकच पाहिलं. मोराकी.

युद्ध संपलं तेव्हा आमच्या बूगनव्हिल बेटावर, निदान आमच्या भागात, सरकार म्हणजे चार जळक्या भिंती होत्या. पगाराची यादी नाही, जमाखर्चाच्या वह्या नाहीत, कोणत्या गावात शाळा उरली आणि कोणत्या गावात नुसता फळा उरला हे सांगायला माणूस नाही. मी गणित शिकवायचे, म्हणून मला उचलून वित्त कचेरीत नेऊन बसवलं. बाहेरून आलेल्या एका सल्लागारानं आम्हा सहा जणांना अंदाजपत्रक करायला शिकवलं. त्याचं एकच तुणतुणं असायचं, की प्रत्येक खर्चाला खातं हवं, आणि ज्याला खातं नाही तो खर्च झालाच नाही. आम्ही सुपारी चघळत माना डोलवायचो. मला ते पटलंही होतं. सगळं जळून गेल्यावर रकाने आखलेली कोरी वही समोर आली की किती बरं वाटतं, ते ज्याचं जळलंय त्यालाच कळेल.

तर मोराकी. डोंगरातलं गाव, आमच्या चलनात साठ हजार किना मंजूर, दवाखान्याच्या इमारतीसाठी. मंजुरीचं पत्र मीच नेऊन दिलं होतं, तेव्हा तिथे छोटा कार्यक्रमही झाला होता. पहिल्या वर्षी खर्च शून्य. दुसऱ्या वर्षी शून्य. तिसऱ्या वर्षीही तेच. आता नियम असा होता की चौथ्या वर्षी एकतीस डिसेंबरपर्यंत बांधकामाच्या करारावर सह्या झाल्या नाहीत, तर पैसे तिजोरीत परत आणि गावाचं नाव यादीतून बाद. साहेब म्हणाले, त्यांना नको असेल तर तुम्ही कशाला डोकं फोडताय, बाई, आपण ते दुसरीकडे वळवू. दुसरीकडे म्हणजे कुठे ते मी विचारलं नाही. टायर मला खिडकीतून दिसत होते.

पण मला चैन पडेना. कुतूहल हा माझा जुना रोग आहे. पहिला संशय आला तो अर्थात कुणीतरी पैसे खाल्ल्याचा. बँकेतून उतारा मागवला. साठ हजारांतून बँकेनं आपले स्वतःचे आकार तेवढे कापून घेतले होते, बाकी पै न पै जागेवर. चार वर्षांत त्या पैशावर जेवली असेल तर ती बँकच. दुसरा संशय जमिनीच्या भांडणाचा. आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते, आणि दोन बहिणींचं बिनसलं की रस्ते अर्ध्यात थांबतात. पण ती जागा थेक्ला नावाच्या म्हातारीनं आपण होऊन दिली होती, तिचा अंगठा फायलीत होता.

नोव्हेंबरात मोराकीची नर्स इमेल्डा कचेरीत येऊन थडकली. सहा तास चालून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्या समोरच्या खुर्चीत बसली आणि हललीच नाही. म्हणाली, या वर्षी दोन बाळंतिणी झोळीतून खाली आणताना वाटेत गेल्या. छप्पर असतं, स्वच्छ पाणी असतं, तर दोघींना मी वरच मोकळं केलं असतं. मग गाव पैसे का खर्चत नाही, असं मी विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं. ती किनाऱ्यावरची, परकी. विचारलं की लोक पायाकडे बघतात आणि सुपारी पुढे करतात, म्हणाली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी करार, शाईची डबी आणि इमेल्डाला गाडीत घातलं आणि निघाले. आमचा ड्रायव्हर जोकिम डोंगरातलाच आहे. तीन नद्या त्यानं गाडीसकट ओलांडल्या, चौथीला आम्ही उतरून चाललो.

गावात शिरले आणि मला पहिलं काही चमत्कारिक वाटलं ते हे, की कुणी हसेना. आमच्याकडे पाहुणा आला की आधी पोरं गलका करतात. इथे पोरांना घरात घेतलं गेलं. बायका हातातली कामं टाकून तोंड धुऊन आल्या. पटांगणात चटई घातली, मला बसवलं, आणि दोघी जणी थेक्लाला धरून घेऊन आल्या. सगळं गाव गोल करून बसलं. मी मनात म्हटलं, चला, अंदाजपत्रकाला एवढा मान कुणी दिला नव्हता. फाईल उघडून मी शिकवणीच्या आवाजात सुरुवात केली: साठ हजार, चार वर्षं, एकतीस डिसेंबर. थेक्ला माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू मी अजून बोलायला सुरुवातच केलेली नव्हती.

जोकिमनं मला खुणेनं बाजूला बोलावलं. कोको वाळवायच्या शेडमागे नेलं.

"मॅडम, पहिल्यांदा पैशाचं पत्र घेऊन आलात, तेव्हा बरोबर डुक्कर आणलं होतंत?"

"हो. कार्यक्रम होता. लोकांना जेवायला घालायला नको?"

"दोरी कुणाच्या हातात दिलीत?"

"थेक्लाच्या. जमीन तिची ना."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. मग दूर बोट दाखवलं. पडवीला बांधलेलं एक डुक्कर होतं, केवढं म्हणून सांगू, आमच्या गाडीच्या बॉनेटएवढं. मला आठवलं. मी साडेआठशे किनाला घेतलेलं, काळं, एका कानाला चीर असलेलं. त्या दिवशी जेवणात कोंबडी आणि अळूचे कंद होते, डुक्कर नव्हतंच, आणि मी मनात फणफणले होते की एवढं आणलं आणि आम्हाला चव नाही.

मग जोकिमनं सांगितलं. थेक्लाला मुलगा होता, एव्हरिस्ट. युद्धात, एकोणीस वर्षांचा असताना, बंदूकवाल्यांनी त्याला याच शेडमधून नेलं. तो परत आला नाही, त्याची हाडंही आली नाहीत. आणि मेलेल्या मुलाच्या आईला कुणी पैसे देतो, वर डुकराची दोरी तिच्या हातात देतो, तेव्हा त्याचा अर्थ आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही कळतो. आमच्या माणसांनी मारलं, आम्ही कबूल करतो. त्यानंतर तोच माणूस पुन्हा येतो आणि हाडं कुठे आहेत ते सांगतो. तोवर डुक्कर कापायचं नाही, पैशाला शिवायचं नाही.

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो. माझ्या मामाच्या वेळी आम्ही अशीच दोरी घेतली होती. पण त्या दिवशी मी सरकार होते, आणि सरकारला वाटतं डुक्कर म्हणजे जेवण. वहीत मी ते 'कार्यक्रम व अल्पोपाहार' या खात्यात टाकलं होतं. थेक्लाला मुलगा होता की नव्हता, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

जोकिम म्हणाला, "चार वर्षं वाट बघतायत, मॅडम. आज तुम्ही सांगायला आलात असं धरून सगळे जमलेत."



इमेल्डा मागून आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझा दंड धरून हळूच म्हणाली, की काहीतरी सांगून टाका. समुद्रात टाकला म्हणा. खोटं ठरवायला कोण येणार आहे? म्हातारीचा जीव निवेल, पैसे सुटतील, पुढच्या पावसात माझ्या बायका छपराखाली असतील. बाई वाईट नव्हती. दोन प्रेतांबरोबर डोंगर उतरली होती. खरं सांगितलं आणि म्हातारी रागानं उठून गेली, तर करारावर जमीनमालकीण म्हणून तिचा अंगठा मिळणार नव्हता आणि तीन आठवड्यांत दवाखाना गेला असता. मी हिशेब करणारी बाई. खोटं स्वस्त पडत होतं. मी समुद्राचं सांगायचं ठरवूनच परत चटईवर जाऊन बसले.

"मावशी," मी म्हटलं.

थेक्लानं माझा हात हातात घेतला. तिच्या हाताला चुन्याचा वास होता.

"पोरी, एवढंच सांग. तो तिथे एकटा आहे, की कुणी सोबतीला आहे?"

समुद्राचं मला सांगवेना. मी सांगितलं, की मला ठाऊक नाही. माझ्या माणसांनी त्याला मारलं नाही, कुणी मारलं तेही मला ठाऊक नाही. ते डुक्कर जेवायला आणलं होतं. पैसे दवाखान्याचेच होते, दुसऱ्या कशाचे नव्हते.

माझं बोलणं गोलातून मागे मागे सरकत गेलं, ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना शेजारचे सांगत गेले. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं. थेक्लानं माझा हात सोडला नाही.

"म्हणजे खाऊ आणला होतास," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"मी त्याला चार वर्षं रताळी घातली. मला वाटायचं, या जगात कुणीतरी एक आहे ज्यानं कबूल केलं. धीर गोळा करतोय, येईल, सांगेल." ती म्हणाली. "आता तोही नाही."

मला वाटलं ती उठेल. तिनं करार मागितला. शाईची डबी मीच उघडली. अंगठा उठवून तिनं तो लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "सेलिनाला कळा लागल्या तेव्हा हे सगळे माझ्या पाया पडले होते. पैसे काढू दे म्हणाले, निदान पत्रे तरी आणू. माझ्या बहिणीची नात ती. मी नाही म्हटलं. एव्हरिस्टचे आहेत, म्हटलं. झोळीत घालून नेली तिला. आणि ते नुसते पैसेच होते."

इमेल्डानं सांगितलेल्या दोन बाळंतिणींमधली ती एक. मी तिथे सगळ्या गावासमोर रडले. कुणी मला समजवायला आलं नाही, आणि येऊही नये.

करार सतरा तारखेला नोंदला गेला. साहेबांनी शाबासकी दिली. जानेवारीत मी माझ्या पगारातून एक डुक्कर घेतलं, हजार किनाला, आणि रजा टाकली. साहेबांनी विचारलं काय काम आहे, मी म्हटलं घरचं आहे. मोराकीत दवाखान्याचे खांब उभे राहत होते. मी सगळ्यांना बोलावलं. या खेपेला कुणी बोलण्याआधी मीच बोलले. सेलिना माझ्यामुळे गेली, म्हटलं. न विचारता दोरी दिली, म्हणून गेली. ती कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, पण कुणामुळे गेली ते मी सांगते. मग दोरी मी थेक्लापुढे धरली.

तिनं घ्यायला बराच वेळ लावला. घेतल्यावर तिनं ती हाताला दोनदा गुंडाळली आणि मला म्हणाली, "बस्स. एवढं सोपं असतं बघ सांगणं."

आणि मग रस्त्याकडे बघत बसली, अजून कुणीतरी सांगायला यायचं असल्यासारखी.