सडा मागच्या दारी

दार उघडं.

दारव्ह्यात जीपच्या अड्ड्यासमोर मारोतरावांचं घर. त्याचं दार सकाळच्या सड्यापासून रात्रीच्या अंथरुणापर्यंत उघडं असतं. असायचं. कुणीही यावं, ओसरीवरच्या माठातलं पाणी प्यावं, घाटंजीची नाहीतर दिग्रसची जीप भरेपर्यंत पेपर वाचत बसावं. कडी वाजवायची पद्धत नाही. उघड्या दाराची कडी कोण वाजवतो? कपाशी किती झाली हे मारोतरावांना कुणी विचारलं नाही तरी चालायचं. पण तुमचं दार कधी लागलेलं पाहिलं नाही, असं कुणी म्हणालं की त्यांची छाती

दार.

पिल्लू पळालं. पकडलं. पायरीवरच होतं.

तर, त्यांची छाती फुगायची.

मांजर माळ्यावर व्यायली होती. चार पिल्लं. मग मांजर एक दिवस परत आली नाही. पिल्लं चालायला लागली, ती दाराकडेच चालायला लागली. दारापुढे ओसरी, ओसरीपुढे पायऱ्या, पायऱ्यांपुढे रस्ता. रस्त्यावर जिपा, मागे-पुढे, मागे-पुढे.

चारातलं काळं दिग्रसच्या जीपखाली गेलं.

ओसरीवरचा एकजण पेपरातून मान वर न करता म्हणाला, मांजराचंच होतं ना. मारोतरावांच्या बायकोनं, इंदुताईंनी, ते हातानं उचललं. खराटा कुणीतरी पुढे केला होता, तो घेतला नाही. मागच्या अंगणात पुरलं, हात धुतले, ओसरीवर आल्या आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा लोकांसमोर नवऱ्याशी बोलल्या. जाळीचं दार बसवून घ्या म्हणाल्या.

मारोतराव हसले. जाळीचं दार कोंबड्यांच्या खुराड्याला असतं म्हणाले. पिल्लं नेऊन गोदामात सोडून दे.

इंदुताईंनी सोडली नाहीत.

दार अर्धं.

मग त्यांनी दुसरा उपाय काढला. कडी वाजवायची आणि लगेच स्वयंपाकघरात ताटली ठेवायची, दुधात कुस्करलेली भाकर. कडी, भाकर. कडी, भाकर. मारोतराव म्हणायचे, बाई खुळी झाली, दाराला आरती करते. थोड्याच दिवसांत कडी वाजली की भुरं आणि पट्ट्यांचं दाराकडे शेपटी करून चुलीकडे धावू लागली.

पांढरं नाही. निळ्या डोळ्यांचं पांढरं उजेड दिसला की उजेडाकडे. इंदुताई त्याला हट्टी म्हणायच्या, त्याची ताटली उचलून घ्यायच्या, त्याच्यावर

दार.

पांढरंच. ओसरीच्या कडेवरून उचललं.

त्याच्यावर रागवायच्या. एका दुपारी शेजारची हुस्नाबी डबा परत द्यायला आली. तिचा नवरा हबीब, घाटंजीची जीप चालवतो. ती पांढऱ्याच्या मागे जाऊन बसली आणि तिनं दोन झाकणं एकमेकांवर आपटली. बाकीची दोन पलंगाखाली गेली. पांढरं आपला पंजा चाटत बसलं.

"बहिरं हाये हे, इंदुबाई," हुस्नाबी म्हणाली. "तू याले कडी शिकवून राह्यली. याले हबीबची गाडी आयकू येत नाही, जिचा आवाज यवतमाळपर्यंत जाते."

इंदुताईंनी पांढऱ्याची उचललेली ताटली परत त्याच्यापुढे ठेवली. मग उठून माठ उचलला आणि मागच्या दारी नेऊन ठेवला.

संध्याकाळी मारोतरावांना सांगितलं, उद्यापासून पुढचं दार लागेल. ते म्हणाले, दिवेलागणीला दार लावलं तर लक्ष्मी कुठून येईल.

"मांगून येईन," इंदुताई म्हणाल्या. "बोळ तिले मालूम हाये."

दार बंद.

पहाटेच्या पहिल्या जीपनं, अड्ड्यावर कुणी नसतानाच, मारोतराव घाटंजीच्या बाजाराला गेले. ते गेल्यावर इंदुताईंनी आतून कडी घातली. आता मागचं दार हेच दार, म्हणून सडा मागे टाकला, रांगोळीही मागेच काढली. मनासारखी आली म्हणून तिच्यात हळदकुंकूही भरलं.

पुढून जे दिसत होतं त्याचा त्यांनी विचार केला नाही. दार लागलेलं. दारात सडा नाही, रांगोळी नाही. माठ नाही. दारव्ह्यात याचा अर्थ लहान मूलही सांगेल. घरात सुतक आहे.

कोण गेलं हे फोनवर विचारत नाहीत. सुतकाच्या घराची कडीही वाजवत नाहीत. खांद्यावर दुपट्टा टाकायचा आणि जाऊन उभं राहायचं. तसे लोक येऊन उभे राहिले. आधी अड्ड्यावरचे, मग बाजारपेठेतले. तांड्यावरून हरिसिंग आला, मारोतरावांचा शाळेपासूनचा दोस्त, तो पायरीवर बसला आणि त्यानं तोंड दुपट्ट्यात घातलं. हळू आवाजात वाद चालू होता, ते गेले की त्या गेल्या. कुणी म्हणालं, मारोतराव परवा पिवळे दिसत होते. दुसरा म्हणाला, नाही, बाईच असणार, मागे लोकांसमोर नवऱ्याशी बोलली होती, तेच लक्षण होतं. हुस्नाबीनं हसून खरं सांगितलं असतं, पण ती माहेरी गेली होती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा हबीबची जीप येऊन थांबली आणि पुढच्या सीटवरून, फुलकोबीची पिशवी घेऊन, मारोतराव उतरले.

त्यांनी बंद दार पाहिलं. दुपट्टे पाहिले. पिशवी खाली गेली.

"इंदू?"

हे नाव त्यांनी रस्त्यावर कधी घेतलं नव्हतं.

ते जिवंत आहेत, म्हणजे बाईच, असं लोकांनी ठरवलं आणि दोघांनी त्यांना दंडाला धरलं. हरिसिंगनं मिठी मारली. "मन घट्ट कर, मारोती," तो म्हणाला. "लाकडं मी सांगून आलो."

आतून मिक्सर चालू झाला.

चटणीचा. थांबला. पुन्हा चालू झाला.

कुणाला तरी हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. मारोतरावांची भीती गेली आणि तिच्या जागी राग आला, भीतीपेक्षा मोठा. ते ओसरी चढले, दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून हात घातला आणि आतली कडी काढली.

कडी वाजली. भुरं आणि पट्ट्यांचं चुलीकडे धावली.

पांढऱ्याला फक्त उजेड दिसला.

दार उघडं.

ते मारोतरावांच्या पायांमधून गेलं, हरिसिंगच्या चपलेवरून, पायऱ्यांवरून, रस्त्यावर. हबीब जीप मागे घेत होता. लोक पाहत होते. त्यांच्यामधून इंदुताई अनवाणी आल्या, हातांना लाल चटणी, आणि जीपच्या मागच्या पत्र्यावर दोन्ही तळवे आपटले. जीप थांबली. पत्र्यावर दोन लाल पंजे उमटले. त्या वाकल्या आणि चाकाच्या आतल्या बाजूनं पांढऱ्याला मानेला धरून काढलं.

मारोतराव पायरीवरूनच बोलले. "लोकं माह्या दारात मयताले जमले, अवं. माहं नाक कापलं तू."

"त्या काळ्याची मान गेलती," इंदुताई म्हणाल्या. "तुमी नाकाचं काय घेऊन बसले?" मग लोकांकडे वळल्या. "तवाबी हेच सारे वसरीवर होते. कोनी उठलं नाही. आज न मेलेल्या मानसासाठी कामं सोडून आले. हे बहिरं हाये. याले तुमच्या जिपा आयकू येत नाहीत. पानी, चहा, बसाले जागा, समदं देईन. मागच्या दारानं देईन. पुढचं दार आता उघडनार नाही."

मारोतराव म्हणाले, घर माझं आहे.

"हाव. आन् घरात दोन पिल्लं हायेत. भाकर संपली का दारात येतीन. तुमी उघडलं, तुमी पाहा."

आणि पांढऱ्याला काखेत धरून त्या शेजारच्या बोळातून मागच्या दाराकडे चालू लागल्या. मागे वळून पाहिलं नाही.

हरिसिंगनं दुपट्टा झटकला. उपाशी आहे, चहा घेऊनच जाईन, कुणालाही उद्देशून नसल्यासारखं बोलला आणि बोळात शिरला. मग दुसरा. मग बाजारपेठेतले. धुण्याच्या दगडाजवळ चपला साचल्या. अंगणात ते दोरीवरच्या ओल्या लुगड्यांखाली डोकी वाकवून उभे राहिले, रांगोळी चुकवत, आणि लाकडं परत कशी करायची यावर बोलू लागले.

ओसरीवर मारोतराव एकटे. रस्त्यावर हबीब चिंधीनं पत्रा पुसत होता आणि मुद्दाम तिकडे पाहत नव्हता.

मिशा चाटत भुरं आलं. मागून पट्ट्यांचं. मारोतरावांनी पाय आडवा घातला. भुरं पायजमा धरून वर चढायला लागलं. पट्ट्यांचं दुसऱ्या बाजूनं. त्यांनी रस्त्याकडे एकदा पाहिलं, एक शिवी घातली, कुणाला ते कळलं नाही, आणि आत होऊन दार

बंद.

ते दाराला पाठ लावून उभे राहिले. थोड्या वेळानं इंदुताई चहा घेऊन आल्या. लोकांना मागे दिला होता, तोच. मारोतरावांनी कप घेतला नाही. उद्या मी हे दार उघडणारच, म्हणाले.

"उघडा," इंदुताई म्हणाल्या. "मी रस्त्यात बसीन. रोज बसीन. मंग मयत खरंच पाहा."

इंदुताईंनी कप त्यांच्या बाजूला जमिनीवर ठेवला.

तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. उघड्या दाराच्या त्या घरात हा आवाज कधी झाला नव्हता, दोघंही दचकले. अड्ड्यावरचा कुणी परगावचा माणूस होता. पाणी मिळेल का, विचारत होता.

पांढरं इंदुताईंच्या पायाशी बसून दाराखालच्या उजेडाच्या रेषेकडे पाहत होतं. मारोतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मांगून ये," ते दाराकडे तोंड करून म्हणाले.

"काहून?" बाहेरून प्रश्न आला.

मारोतरावांनी घसा साफ केला. "आत बहिरं हाये एक."

"आन् मागचं दार लावून घे म्हना," इंदुताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.